हरळी राखणारे लहाने आबाजी

वऱ्हाडात हरळीचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. काळ्या जमिनीत ती एकदा शिरली की दोन-दोन पिढ्या निघत नाही. वखराने तोडावी तर जेवढे तुकडे तेवढी नवी फूट. उन्हाळ्यात खोल नांगरून तिच्या काशा वेचायच्या आणि धुऱ्यावर ढीग करून जाळायच्या, एवढाच इलाज. आमच्या रिद्धपूरच्या वावरात मोठे आबाजी, म्हणजे माझे आजोबा, चैत्र-वैशाख हेच करत. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, आमचे लहाने आबाजी, यांनी मात्र उमेदीची सगळी वर्षं पुण्यात तीच हरळी जोपासण्यात घातली. तिला पाणी द्यायचं, तिच्यावर रूळ फिरवायचा, ती बोटभरही वाढू न देता दाट ठेवायची, आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचा. मोठ्या आबाजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "लोकं गहू राखते, ज्वारी राखते. हा हरयी राखते बाप्पा," असं ते ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगत.

लहाने आबाजी गोल्फच्या मैदानावर होते. आधी कॅडी, मग माळी. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मैदानांवर, जिथे चेंडू शेवटी भोकात ढकलतात त्या गुळगुळीत ग्रीनवर, ही हरळीच असते. साहेब तिला बर्म्युडा म्हणत. लोक तिच्याच कोवळ्या जुड्या गणपतीला वाहतात.

रिद्धपूर म्हणजे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी रितपूर. मोर्शी तालुक्यातलं, संत्र्यांच्या मुलखातलं गाव. महानुभाव पंथाची तर ही काशीच. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथेच राहिले, चक्रधरस्वामी त्यांच्या दर्शनाला इथेच आले आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’चं काम इथेच केलं. आजी गोविंदप्रभूंच्या लीळा शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तशा सांगायची. ते पोरांत कसे खेळत, कुणाच्याही घरात शिरून खायला कसं मागत, रुसत कसे. गावात जागोजाग ओटे आहेत. स्वामी इथे बसले, इथे निजले, इथे उभे राहिले, अशा प्रत्येक जागेला ओटा. ‘स्थानपोथी’ नावाच्या ग्रंथात तर अशा जागाच टिपून ठेवल्या आहेत; देवळाच्या कोणत्या अंगाला, कोणत्या दिशेला तोंड करून, इतक्या नेमकेपणाने. कोणी कुठे पाऊल ठेवलं हे सातशे वर्षं लक्षात ठेवणाऱ्या गावात लहाने आबाजी वाढले. त्यांनी पुढे जे काम केलं त्याचं बाळकडू त्यांना इथेच मिळालं, असं मला मनापासून वाटतं.

ते पुण्याला कसे गेले, याच्या आमच्या घरात दोन कथा आहेत. मोठे आबाजी सांगायचे, डवरणी चुकवायची म्हणून पळाला. त्यांची बायको, म्हणजे आमची लहानी आजी, सांगायची, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माणसं पाहिजे होती, आणि गावचे एक नातलग आधीच तिथे लागले होते. त्यांच्या आधाराने गेले. मला वाटतं दोन्ही खरं असावं. वय पंधरा-सोळा. कारखान्यात काही त्यांना घेतलं नाही, लहान दिसत होते. मग त्या नातलगांनी छावणीजवळच्या एका गोल्फ मैदानावर नेऊन उभं केलं. तिथे सकाळी पोरांची रांग लागे. साहेब येऊन बोट दाखवी, तो पोरगा पिशवी उचली.

खेळाचं वेड मात्र ते घरूनच घेऊन गेले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव त्या काळी खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या तोंडी असे. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेली ही संस्था. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाची तुकडी तिथे गेली आणि कबड्डी, मल्लखांब असले आपले खेळ जगाला दाखवून आली. लहाने आबाजी तेव्हा आठ-दहा वर्षांचे असतील. त्या तुकडीतला एक जण आमच्या लांबच्या नात्यातला होता, असं घरात सांगतात. पुरावा काही नाही, पण ही गोष्ट घरात इतक्या प्रेमाने सांगितली गेली आहे की मी ती कधी खोडून काढली नाही.

तर गोल्फ. हा खेळ आपल्याकडे फार जुना. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. ब्रिटनबाहेर इतकं जुनं मैदान दुसरीकडे नाही, असं कोलकातेकर अभिमानाने सांगतात. साहेब जिथे जिथे छावणी टाकी तिथे तिथे पोलोचं, क्रिकेटचं आणि जमलंच तर गोल्फचं मैदान करी. पाणी कमी असलं तर हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूचे चौथरे करत. त्यांना ब्राउन म्हणत. नाशिकला तर अजून एक मैदान ‘गोल्फ क्लब’ याच नावाने ओळखलं जातं. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि खेळतात तिथे क्रिकेट. माझी मावशी नाशिकला होती. तिच्याकडे गेले की मी ते मैदान बघायला जायचीच, आणि लहान्या आबाजींना पत्रात लिहायची की इथे हरळी बरी आहे.

कॅडीने पिशवी वाहायची, चेंडूवर नजर ठेवायची, हरवला तर झुडपातून, नाल्यातून शोधून आणायचा. एवढंच काम असं बघणाऱ्याला वाटतं. पण या खेळाचा एक नियम मोठा आहे. एकटा खेळणारा माणूस भर सामन्यात सल्ला मागू शकतो तो फक्त आपल्या कॅडीला. काठी कोणती घेऊ, भोक किती लांब, उतार कुठला, वारा कसा, हे सांगायचा हक्क त्या पिशवीवाल्या पोराला. लहाने आबाजी अंतरं पावलांनी मोजत. आंब्याच्या झाडापासून ग्रीनच्या कडेपर्यंत किती पावलं, मोठ्या दगडापासून किती, हे त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होतं. आणि उतार ते डोळ्यांनी कमी आणि तळपायांनी जास्त बघत. "डोया फसवते माय. पाय नाई फसवत," असं मला म्हणाले होते. लहानपणी ओल्या वावरात पाणी कुठून कुठे वळवायचं हे ज्याला कळलं, त्याला ग्रीन कळायला वेळ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गवताची लव कोणीकडे, हेही त्यांनीच मला दाखवलं. हरळी एका अंगाला झुकून वाढते. आपल्यापासून पलीकडे झुकलेली असेल तर ती उन्हात चमकते आणि चेंडू भरभर जातो. आपल्याकडे झुकलेली असेल तर काळपट दिसते आणि चेंडू अडतो. गोल्फचे आजचे पुस्तकी जाणकारही हेच सांगतात. लहान्या आबाजींनी पुस्तक वाचलं नव्हतं. ते दुसरीपर्यंत शिकले.

खेळायला मात्र कॅडीला मिळत नसे. आठवड्यातून एक दिवस मैदान बंद राही, त्या दिवशी पोरं एखादी टाकून दिलेली, दांड्याला तडा गेलेली काठी घेऊन आळीपाळीने खेळत. एक काठी आणि पाच-सहा जण. चेंडू नाल्यातून काढलेले. बरे चेंडू साहेबालाच परत विकायचे, फुटके आपल्याला. क्लबच्या व्हरांड्यात पाय ठेवायचा नाही, नळाचं पाणी मागच्या बाजूने प्यायचं. हे ते रागाने सांगत नसत. पण गोष्टीत व्हरांडा आला की त्यांचा आवाज थोडा खाली जाई, हे मला आठवतं. मोठी झाल्यावर मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

साहेब गेले, आपले अधिकारी आले, लहाने आबाजी माळी झाले. लग्न झालं, लहानी आजी पुण्याला गेली. तिथे ती बरंच काही शिकली, पण सोडलं नाही ते आपलं खाणं. पुण्याच्या आमटीत गूळ पडतो हे ऐकून तिला धक्काच बसला होता. गावाकडून येणाऱ्याबरोबर जवसाची चटणी, वाळवलेली अंबाडी, लाल मिरच्या आणि खारोड्या मागवायची. लहाने आबाजी सकाळी चारला उठून स्मरण करत, मग रात्रीची भाकर आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून निघत. घर महानुभावांचं, त्यामुळे दारू-मटणाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. सामन्यानंतर साहेब लोक खुशीत येऊन प्याला पुढे करत, तेव्हा हे हात जोडून "दंडवत" म्हणत. त्यावरून तिथे त्यांचं नावच दंडवत पडलं होतं, असं लहानी आजी सांगायची.

आणीबाणीच्या सुमारास ते दोघं रिद्धपूरला परतले. मूलबाळ नव्हतं. आम्ही घरातली सगळी पोट्टी त्यांचीच. एका ट्रंकेत त्यांनी एक पटर आणले होते, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची चपट्या तोंडाची काठी. कुणा अधिकाऱ्याने जाताना दिलेली. आणि एका डब्यात जुने चेंडू. ते आजच्या चेंडूंपेक्षा किंचित लहान होते. ब्रिटिशांचा चेंडू तेव्हा लहान असे आणि अमेरिकेचा मोठा, हे मला फार नंतर कळलं.

रब्बीचं पीक घरात आलं की खळं रिकामं होई. शेणाने सारवलेलं, चोपून गच्च केलेलं. लहान्या आबाजींनी तिथे तांब्याच्या तोंडाएवढं एक भोक केलं आणि आम्हाला पटर धरायला शिकवलं. मोठ्या आबाजींनी भोक बघून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी मात्र खळं सारवताना त्यांनीच ते भोक न बुजवता सोडलं. उन्हं उतरली की आम्ही तुराट्या घेऊन रांगेत उभे राहायचो. पटर एकच, म्हणून पाळी येईपर्यंत तुराटीने सराव. चेंडू हरवायला नको म्हणून सरावाला चिंध्यांचा. मुली खेळत नाहीत, असं एका चुलत भावाने म्हटल्यावर लहाने आबाजी त्याला म्हणाले, "चेंडूले काय मालूम कोनं मारला?" माझी पाळी त्या दिवशी पहिली लागली.

मग लहानी आजी ज्वारीच्या लाह्या, कधी गूळ-शेंगदाणे घेऊन यायची आणि गोष्ट सुरू व्हायची. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट पापवाची. पुण्याच्या मैदानावर कुणा अधिकाऱ्याने वर्तमानपत्रातून वाचून दाखवलेली, आणि पुढे प्रत्येक वेळी थोडी वाढलेली. मी पुढे ती शोधून वाचली. मूळ गोष्ट त्यांनी सांगितली त्याहून कमी नव्हती.

सेवसंकर सेवगोलम, टोपणनाव पापवा. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचा. १८६० सालापासून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून भारतातून माणसं तिथल्या नाताळ प्रांतात नेली गेली, त्यांच्यातला हा गरीब घरचा मुलगा. लहानपणी साध्या काठीने चेंडू मारायला शिकला, मग गोल्फ मैदानावर कॅडी झाला. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून त्याची पकडच उलटी बसली. उजव्या हाताने खेळणारा माणूस डावा हात वर आणि उजवा खाली धरतो. पापवाचा डावा खाली. जगातला कोणताही शिक्षक ही पकड मोडायला लावेल. पापवा तशाच पकडीने १९५९ साली हॉलंडला गेला आणि तिथली राष्ट्रीय स्पर्धा, डच ओपन, जिंकला. १९६० साली पुन्हा, १९६४ साली तिसऱ्यांदा.

त्याच्या स्वतःच्या देशात मात्र वर्णभेद. गोऱ्यांच्या मैदानावर त्याला खेळायलाच मोठ्या मिनतवारीने परवानगी मिळाली. १९६३ साली त्याने दरबानच्याच मैदानावर नाताळ ओपन जिंकली. बक्षीस द्यायची वेळ आली तेव्हा पाऊस पडत होता. गोरे खेळाडू क्लबच्या आत. पापवाला आत जायला मनाई, म्हणून त्याला चषक बाहेर पावसात दिला गेला. ती बातमी जगभर गेली. १९६५ साली त्याने त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअरला हरवलं. गॅरी प्लेअर म्हणजे त्या काळी जगातल्या पहिल्या दोन-तिघांतला खेळाडू. त्यानंतर सरकारने पापवाच्या खेळण्यावरच बंदी आणली. १९७८ साली तो गेला, पन्नाशीच्या आसपास, गरिबीत.

लहाने आबाजी पावसाच्या जागी थांबत. गोष्ट तिथून पुढे नेत नसत. मग आम्ही पोरं उठून तुराटी उलट्या पकडीने धरून बघायचो, आणि कुणाचाच चेंडू सरळ जायचा नाही. पापवा वऱ्हाडातलाच कुणाचा तरी नातू असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नाताळात गेलेली माणसं बहुतेक मद्रासकडची आणि बिहार-अवधची होती, हे त्यांना सांगायची मला कधी इच्छा झाली नाही.

आपल्या देशातही कॅडीतूनच धंदेवाईक खेळाडू तयार झाले. अधिकारी आणि व्यापाऱ्यांची मुलं हौशी म्हणून खेळत. पोटासाठी खेळणारा तो कॅडी. इंडियन ओपन १९६४ साली सुरू झाली. पहिलीच ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली, आणि पुढच्या वर्षी आपले बिलू सेठी जिंकले, पण ते हौशी. धंदेवाईक भारतीयाला ती जिंकायला १९९१ साल उजाडावं लागलं. दिल्लीचा अली शेर, कॅडीचा खेळाडू झालेला. १९९३ साली तो पुन्हा जिंकला. पहिल्या वेळी मी अमरावतीला नोकरीला होते. पेपरात चार ओळींची बातमी होती. ती कापून घेऊन मी एसटीने रिद्धपूरला गेले. लहाने आबाजींना दिसत कमी होतं, मी वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली आणि मग विचारलं, "क्याडी होता असं लिवलं हाये काय? सायबानं मान्य केलं?" त्या दिवशी त्यांनी स्वतः गोवऱ्या रचून रोडगे लावले, वांग्याची भाजी केली आणि शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं. कशाबद्दल, हे कुणाला नीट कळलं नाही. रोडगे मात्र सगळ्यांनी पोटभर खाल्ले.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. त्यांच्या माघारी जे घडलं ते मी त्यांच्या वतीने बघत आले. शिव शंकर प्रसाद चौरसिया हा कोलकात्याचा मुलगा. त्याचे वडील तिथल्या जुन्या क्लबात ग्रीन राखणारे माळी. बापाने जे गवत राखलं त्याच गवतावर पोरगा चोरून खेळ शिकला, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. २०१६ सालीच, शतकाहून अधिक काळाने गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतलं तेव्हा, रिओला भारतातर्फे गेलेल्या दोन पुरुषांत एक तो होता आणि दुसरा पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी, लष्करी डॉक्टरचा मुलगा. माळ्याचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एकाच रंगाचे कपडे घालून उभे होते. मी लहान्या आजीला फोटो दाखवला. तिने विचारलं, "यातला आपला कोन्ता?" मी चौरसियावर बोट ठेवलं.

आणि मग २०२१ चा उन्हाळा. करोनाने एक वर्ष लांबलेलं टोकियो ऑलिंपिक. त्यात पुण्याचा उदयन माने. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने ऐनवेळी माघार घेतली म्हणून यादीत पुढे सरकून त्याला जागा मिळाली. ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये माने हे मराठी नाव बघून आमच्या घरात काय झालं असेल, याची कल्पना कुणीही करावी. तो काही अचानक उगवलेला नव्हता. २०१५ च्या सुमारास त्याने खेळ धंदा म्हणून पत्करला आणि देशातल्या व्यावसायिक दौऱ्यावर दहाच्या घरात स्पर्धा जिंकल्या. हा दौरा सोपा नाही. आठवड्याला एक गाव. प्रवास, मुक्काम, कॅडीची मजुरी, सगळं पदरचं. पहिल्या दोन दिवसांनंतर जवळजवळ निम्मी माणसं बाद होतात आणि बाद झालेल्याला त्या आठवड्याचा रुपया मिळत नाही. पाऊस गेला तर पीक गेलं, हे ज्या मुलखाला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

टोकियोजवळच्या कासुमिगासेकीच्या मैदानावर २९ जुलैला खेळ सुरू झाला. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे पहाटेच टीव्ही लावायचा. लहानी आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली. आम्ही तिला खुर्चीत बसवलं, अंगावर शाल टाकली, आलं घातलेला चहा दिला. पहिल्या दिवशी मानेचं काही जमलं नाही. पार, म्हणजे ठरलेले फटके, ७१; त्याचे झाले ७६. साठ जणांच्या यादीत नाव अगदी तळाशी. घरातली तरुण मंडळी हिरमुसून उठली. लहान्या आजीने विचारलं, "मंग आता त्याले घरी पाठवते काय?" मी म्हटलं, नाही, इथे कुणालाच मध्येच काढत नाहीत, चारही दिवस खेळायचं. "मंग कायले रडता? उद्याचा दिवस हाये ना."

दुसऱ्या दिवशी त्याने ६९ केले. पारपेक्षा दोन कमी. त्या दिवशी आमच्या घरात रोडग्याचं पीठ मळलं गेलं. शेवटी तो छप्पन्नावा आला. लाहिरी बेचाळिसाव्या जागी. पुढच्याच आठवड्यात मुलींच्या खेळात बंगळूरूची अदिती अशोक चौथी आली, पदक अगदी हाताशी येऊन हुकलं, आणि सगळ्या देशाला एका सकाळीत गोल्फ कळू लागलं.

मानेचा खेळ चालू असताना एकदा त्याने ग्रीनवर बसून उतार पाहिला, आणि मागे उभ्या कॅडीशी काहीतरी बोलला. लहानी आजी खुर्चीत पुढे सरकली. "थो पिशवीवाला कोन हाये?" मी म्हटलं, कॅडी आहे आजी. "थे मले दिसते. नाव काय त्याचं? कोन्या गावचा?" टीव्हीवर खेळाडूंची नावं येत होती, देशांचे झेंडे येत होते, कॅडीचं काही येईना. ती गप्प बसायला तयार नव्हती. शेवटी माझ्या भाच्याने मोबाइल काढला आणि शोधायला बसला, आणि आजी दर दोन मिनिटांनी त्याला विचारत राहिली, सापडलं काय म्हणून.